भवानीपूरचा पहारा

श्यामरावांनी दाराची कडी ओढून पाहिली, स्टूल जिन्याकडे तोंड करून ठेवलं आणि दुखरा गुडघा हातांनी धरून सावकाश त्यावर बसले. खाली घरमालकीण मासेवालीशी भावावरून हुज्जत घालत होती. वैशाखातली दुपार होती. भिंतीला पाठ टेकली तर सदरा ओला होत होता, नाही टेकली तर डोळा लागत होता. श्यामराव मधला मार्ग काढून अर्धवट टेकले.

आतून कालिंदीबाईंचा आवाज आला.

"श्यामराव, तो माणूस अजून आहे का?"

"कोण, बाई?"

"पानाच्या दुकानाशी उभा असतो तो."

श्यामराव उठले, जिन्यावरच्या झरोक्यातून ट्रामच्या रुळांपलीकडे पाहून आले. एक पिवळ्या शर्टाचा माणूस दुकानाच्या फळीला टेकून विडी ओढत होता. तो तोच असेल किंवा दुसरा कुणी असेल.

"नाही," ते म्हणाले. "आज कोणी नाही."

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

कालिंदीबाईंचे यजमान श्रीकांतराव कस्टममध्ये होते, खिदिरपूरच्या गोदीवर. एका व्यापाऱ्याच्या खोक्यांवर त्यांनी हरकत घेतली होती. वर सुटे भाग, खाली लपवलेली घड्याळं. माघात एका संध्याकाळी त्या व्यापाऱ्याचा मुकादम हारान क्वार्टरवर आला, साहेबांना जेटीवर बोलावलंय म्हणाला. श्रीकांतराव जेवायचं ताट झाकून ठेवायला सांगून गेले. सकाळी ते पाण्यात सापडले. पाय घसरला असावा, असं सगळे म्हणाले. हारान म्हणाला, मी त्या दिवशी गावी होतो. त्याला दारात उभा असलेला पाहणारं एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे कालिंदीबाई.

श्रीकांतरावांच्या पायात एकच बूट होता. दुसरा, बाईंनी पोलिसांत जबाब दिल्यानंतर, वर्तमानपत्रात गुंडाळून कुणीतरी क्वार्टरच्या उंबऱ्यावर आणून ठेवला. पुसून, नाडी बांधून.

त्यानंतर त्यांचे वकील निवारणबाबू सान्याल यांनी त्यांना भवानीपूरला आपल्या ओळखीच्या एका विधवेच्या माडीवर आणून ठेवलं आणि पहाऱ्याला श्यामरावांना बसवलं. श्यामराव मूळचे साताऱ्याकडचे. लढाईत पलटणीबरोबर ब्रह्मदेशात गेले, परतताना गुडघा निकामी होऊन कलकत्त्यात राहिले आणि गोदामांवर पहारे करत इथेच म्हातारे होऊ लागले. बाईंशी मराठीत बोलणारं कुणी जवळ असावं, एवढाच विचार करून निवारणबाबूंनी त्यांना निवडलं होतं. हत्यार म्हणून एक काठी होती.

सोमवारी अलीपूरच्या कोर्टात साक्ष होती. आज शुक्रवार होता.

जिन्यावर पावलं वाजली. श्यामराव काठी घेऊन उभे राहिले. धोतर, काळा कोट, हातात पिशवी असा एक घामाघूम गृहस्थ धापा टाकत वर आला आणि काठी बघून मधल्या पायरीवरच थांबला.

"कालिंदी इथेच राहते ना? मी तिचा भाऊ. दत्तात्रय. नागपूरहून आलो."

मराठी ऐकून श्यामरावांचा हात आपोआप सैल झाला. तरी त्यांनी विचारलं, "पत्ता कुणी दिला तुम्हाला?"

"अहो, क्वार्टरवर गेलो तर कुलूप. तिथे एक गृहस्थ भेटले. बंगाली, पण फार सज्जन. ते म्हणाले, तुमच्या बहिणीची आम्हालाही काळजी आहे. त्यांनीच टॅक्सी करून दिली, ड्रायव्हरला घरसुद्धा समजावून सांगितलं."

श्यामरावांनी झरोक्यातून खाली पाहिलं. हा पत्ता त्यांना, निवारणबाबूंना आणि खालच्या बाईंना सोडून कुणालाही ठाऊक असायला नको होता.

पण तेवढ्यात आतून कडी निघाली. कालिंदीबाई दारात उभ्या होत्या. "दादा," एवढंच म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा काही झाला की श्यामरावांनी मान वळवली आणि वाट सोडली.

दार लोटलेलं राहिलं. बोलणं सगळं ऐकू येत होतं.

"वहिनीनं बेसनाचे लाडू दिलेत. खा आधी. किती वाळलीस ग!"

"लीना कशी आहे?"

"बरी आहे. शाळेत जाते. रात्री तुझ्या वहिनीजवळ झोपते. विचारते, आई कधी येणार." दादा थांबले. "बाप तर गेलाच तिचा. आता तुझं काही झालं तर तिला मी काय सांगू?"

आत डबा सरकवल्याचा आवाज आला.

"साक्ष देऊन श्रीकांतराव परत येणार आहेत का? सांग ना. येणार असतील तर मी स्वतः तुला कोर्टात घेऊन जातो."

"नाही येणार, दादा."

"मग? हट्ट कुणासाठी? उद्याच्या मेलचे दोन बर्थ मिळालेत. गाडी भरलेली होती, पण त्याच गृहस्थांनी कुठे कुठे फिरून मिळवले. देवमाणूस भेटला बघ."

 मग कालिंदीबाई अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी दमले आहे रे."

"म्हणून तर आलो मी," दादा म्हणाले.

बाहेर श्यामराव स्टुलावर बसले होते. आत जावं, ती टॅक्सी आणि ते बर्थ कुणाचे ते सांगावं, असं एकदा मनात आलं. ते अर्धे उठलेसुद्धा. मग गुडघ्यात कळ आली आणि ते पुन्हा बसले. बाई गेल्या तर जिवंत राहतील. पोरीला आई मिळेल. आपल्यालाही खोलीवर जाऊन कडी न बघता झोपता येईल.

शनिवारी सकाळी निवारणबाबू आले. कालिंदीबाईंनी त्यांना जाण्याचं सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. मग तुटक्या हिंदीत म्हणाले की त्यांनाही मुली आहेत, आणि अडवण्याचा हक्क त्यांना नाही. "फक्त एवढंच," ते उठताना म्हणाले, "सोमवारी आपण नसाल, तर हारान रात्रीच्या जेवणाला घरी असेल."

ते जिना उतरून गेले. दादा ट्रंकेला दोरी बांधत होते.

हावड्याला गर्दी नेहमीचीच होती. फलाटावर फाळणीत पूर्वेकडून आलेली निर्वासित कुटुंबं अजूनही अंथरुणं पसरून बसली होती. त्यांच्या चुलींमधून वाट काढत श्यामरावांनी ट्रंक डब्यापर्यंत आणली आणि बाकाखाली सरकवली. दादांनी वळकटी बाकावर टाकली. दोन्ही जागा खिडकीच्या होत्या.

"बघ, खिडक्याच मिळाल्या," दादा खूश होऊन म्हणाले. "बस तू. मी सुरई भरून आणतो."

ते गर्दीत दिसेनासे झाले. कालिंदीबाई खिडकीशी बसल्या. श्यामराव खाली फलाटावर उभे राहिले. गाडी सुटेपर्यंत थांबायचं, मग काम संपलं.

"श्यामराव," बाईंनी गजांतून हाक मारली. "एक विचारू? ते लोक जिना चढून आले असते, तर तुम्हाला अडवता आले असते का?"

श्यामरावांनी काठीकडे पाहिलं. पलटणीतला हवालदार असता तर हो म्हणाला असता.

"एखादा आला असता तर अडवला असता," ते म्हणाले. "चार आले असते तर नाही."

"मग भीती वाटायची?"

"वाटायची की. खाली कुणाचंही पाऊल वाजलं तरी हात काठीकडे जायचा."

कालिंदीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "मला वाटायचं, मीच एकटी घाबरते. तुमच्या खोकण्याचा आवाज आला की मी म्हणायची, बाहेर एक न घाबरणारा माणूस बसलाय."

श्यामराव ओशाळून हसले.

"आणि पानाच्या दुकानाशी रोज माणूस असायचा ना?"

"असायचा."

बाईंनी मान हलवली. पलीकडच्या इंजिनानं वाफ सोडली, ती विरेपर्यंत त्या थांबल्या.

"दादाला टॅक्सी कुणी करून दिली, हे मला कालच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला?"

"मलाही."

"बोलला नाहीत."

श्यामरावांमध्ये खोटं सांगण्याइतकाही जोर उरला नव्हता. "झोप हवी होती, बाई."

"मलाही तीच हवी होती," कालिंदीबाई म्हणाल्या.

त्यांनी हात बाकाच्या लाकडावर टेकवला. मग तो उचलून मांडीवर घेतला.

"ही जागा त्या लोकांनीच दिलीय, नाही का?"

 बाईंना उत्तर नको होतं. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि वळकटी स्वतः ओढत दारापर्यंत आल्या.

"ट्रंक तेवढी काढता का? माझ्यानं नाही निघणार."

श्यामराव डब्यात चढले. बाकाखालून ट्रंक ओढताना गुडघा असा चमकला की डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा तो जिना, ते स्टूल, ती कडी. सोमवारपर्यंत, आणि कदाचित सोमवारनंतरही. ट्रंक फलाटावर टेकवून ते ट्रंकेवरच बसले आणि धाप शमेपर्यंत तसेच बसून राहिले.

"आत्ताच चलायचं का?" त्यांनी विचारलं. "दादा यायच्या आत?"

"नाही. त्याला सांगून जायचं."

गर्दीतून दत्तात्रय येताना दिसले. भरलेली सुरई छातीशी धरून, लोकांचे धक्के चुकवत, जपून. ट्रंक बाहेर दिसली तसे ते थबकले. सुरईतलं पाणी हिंदकळून त्यांच्या कोटावर सांडलं. मग ते झपाझप येऊ लागले.

श्यामराव उठले आणि काठी टेकत बाईंच्या पुढे जाऊन उभे राहिले.

कालिंदीबाईंनी त्यांच्या दंडाला हात लावला.

"सरका, श्यामराव," त्या म्हणाल्या. "तो माझा भाऊ आहे."

श्यामराव बाजूला झाले.