तीन नंबरवर कोण होतं

गंगापूर रोडवरच्या प्रफुल्लच्या सायबर कॅफेत २००३ साली सहा संगणक होते आणि इंटरनेटची लाईन एकच. मधे प्रॉक्सी सर्व्हर. प्रत्येक संगणकाची मागणी तो पुढे नेई आणि आलेलं स्वतःकडे साठवी. गिऱ्हाईक मधेच उठून गेलं, तरी अर्ध्याहून जास्त आलेली फाइल त्याने शेवटपर्यंत ओढायची, अशी सोय प्रफुल्लनेच करून ठेवली होती. पुढच्याने तीच मागितली तर झटकन मिळे.

जूनमधल्या एका रविवारी लाईन अडली. गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. प्रफुल्लने सर्व्हरवर पाहिलं. तीन नंबरच्या नावाने एक अश्लील फिल्म उतरत होती.

तीन नंबरवर ओझरला राहणारे चंदर पगारे नुकतेच येऊन बसले होते. जवळच्याच शाळेत शिक्षक. शेजारी मुलगी राखी. तिला कॉलेजांची माहिती हवी होती.

"सर, मुलीला शेजारी बसवून असले पिक्चर?" प्रफुल्ल काउंटरवरूनच म्हणाला.

"कसले?"

"आता नावही मीच वाचू?"

त्याने वाचलं. कोणीतरी फिसकन हसलं.

"हे आमचं नाही," एवढं म्हणून पगारे उठले. राखी त्यांच्याआधीच बाहेर पडली होती.

प्रफुल्लने तीन नंबर बंद केला. तरी फिल्म उतरतच राहिली. बंद मशीन काय मागणार? मग त्याला आठवलं, पगाऱ्यांच्या आधी तिथे एक पोरगा बसला होता. तो विंडो बंद करून केव्हाच गेला होता. ओढत होता सर्व्हर, प्रफुल्लच्याच हुकमाने.

त्याने दोघांना बस स्टॉपवर गाठलं.

"सर, चूक माझी. तुमच्या आधीच्या माणसाची फाइल होती ती."

"आमची नव्हती, हे मला माहीत होतं," पगारे म्हणाले.

राखी रस्त्याकडे बघत होती. "जो हसला ना, तो पप्पांच्या वर्गातला ललित. त्याला सांगा."

बस आली. दोघं चढले.

प्रफुल्ल परतला तेव्हा ललितची खुर्ची रिकामी होती. जवळजवळ सगळी माणसं नवी.

"मघाशी इथे एक सर होते," त्याने सुरुवात केली. "त्यांच्यावर उगीच आळ आला."

"कोणते सर?" एकाने मान वर केली. "काय केलं त्यांनी?"

पुढे सांगायचं, तर आधी आळच सांगावा लागणार होता.

"काही नाही," प्रफुल्ल म्हणाला.

उद्या शाळा भरायच्या आत ललितला गाठायला हवं होतं, आणि त्याचं घर ठाऊक असेल असा माणूस एकच होता, त्याचे पगारे सर. प्रफुल्लने गिऱ्हाइकांना उठवलं, शटर ओढलं आणि तो ओझरला निघाला.