भडकलेल्या राणीचा चेहरा

राजाराणीचं ते स्मारक खरंखुरं आहे. टेकडीच्या पायथ्याशी दोघं दगडात शेजारीशेजारी आडवी पडली आहेत. राजाचं बरं चाललंय. राणीच्या नशिबी मात्र छताची गळती आली, ती नेमकी तोंडावर, आणि नाक-डोळे पार धुऊन गेले. एका व्हिडिओ गेमवाल्या कंपनीने हे स्मारक आपल्या खेळात घेतलं. खेळणाऱ्याने मुकुटाला हात लावला रे लावला, की राणी ताडकन उठून बसते आणि त्याची अशी खरडपट्टी काढते की ज्याचं नाव ते! चेहऱ्याचा पत्ता नाही म्हणून कंपनीने तिच्या तोंडावर जाळी टाकून वेळ मारून नेली. पण राणी लोकांना इतकी आवडली, की कपाटात मांडायला तिची वीतभर मूर्ती काढायचं ठरलं. आता जाळी वर हवी आणि चेहरा दिसायला हवा. कसला? भडकलेला. बाकी तुमचं तुम्ही बघा.

बघायचं होतं ते मूर्तिकाराने. या माणसाला मातीचा गोळा मिळाला की घराला आग लागली तरी मान वर करणार नाही. त्याने एका बैठकीत चेहरा उठवला. डावी भुवई वर, ओठ आत दाबलेले, हनुवटी पुढे. कंपनीला फोटो गेला आणि होकार आला. साच्यातून पहिली मूर्ती निघाली. आता रंग दिला, की संध्याकाळी पाठवायची.

रंगकाम त्याच्या मुलीकडे होतं. तिने राणीच्या डोळ्यांत बुबुळं भरली आणि ब्रश खाली ठेवला.

"बाबा, ही आई आहे."

"काहीतरीच! राणी आहे ती."

"विजेचं बिल भरायला विसरलात तेव्हाची आई आहे."

मूर्तिकाराने मूर्ती हातात घेतली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "आईला बोलू नकोस," तो म्हणाला. पण म्हणतात ना, नाव घ्यावं आणि हजर! कारखान्याच्या दारात त्याची बायको उभी होती. दवाखान्यात औषधं देण्याची पाळी संपवून, हा घरी विसरलेला चष्मा द्यायला आली होती. मूर्तिकाराने घाईघाईने मूर्तीवर फडकं टाकलं. चोरी पकडून द्यायला एवढं पुरे होतं.

बायकोने फडकं उचललं. त्याचाच चष्मा स्वतःच्या नाकावर चढवून तिने राणीला पुढून-मागून न्याहाळलं.

"दागिने बरे दिलेत," ती म्हणाली. "कधी नव्हे ते."

मुलगी फसकन हसली. मूर्तिकारही हसला, सुटलो बुवा, असं त्याला वाटलं. पण बाई कसल्या सोडतात!

"अहो, इतकी वर्षं संसार केला. माझं दुसरं एखादं तोंड ठाऊक आहे का तुम्हाला?"

"म्हणजे काय! हसरं तोंड आत्ता करून दाखवतो."

"दाखवा. जमलं तर खुशाल पाठवा ही बया जगभर. नाही जमलं तर माझा चेहरा मला परत."

मूर्तिकाराने बाह्या सरसावल्या. बोटं भराभर चालली. गालाला खळी पडली, ओठ रुंदावले. त्याने ऐटीत गोळा पुढे सरकवला. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं.

"बाबा, ही मावशी."

"तुमची मेहुणी हसते छान, यात वाद नाही," बायको म्हणाली.

त्याने गोळा मोडला. दुसऱ्या खेपेला ओळखपत्रावरच्या फोटोसारखं काहीतरी झालं. तिसऱ्या खेपेला बोटं मातीवरच थांबली. राग हवा तर या बाईच्या चेहऱ्याचा कानाकोपरा त्याला पाठ होता. हसते कशी? आवाज आठवत होता, अगदी स्पष्ट. तोंड काही केल्या दिसेना. "दिसत नाही गं," तो पुटपुटला. त्याला भयंकर लाज वाटली.

"दिसायचं कसं?" ती म्हणाली. आता चेष्टा नव्हती. "मी चिडले की तुम्ही मान वर करता. मी हसत काही सांगायला आले, की माती मळत 'हं, हं' करता. असू दे. येतं तेच पाठवा. माणसं खोळंबलीत तुमची."

रागावली असती तर परवडलं असतं. तिने चष्मा काढून त्याच्यापुढे ठेवला आणि पिशवी उचलली.

एवढ्यात पार्सलवाल्याचा फोन वाजू लागला. मूर्तिकार उठला, फोन मुलीच्या हातात दिला आणि नळाखाली हात चोळून चोळून धुतले. बोटांच्या बेचक्यांतलीसुद्धा माती काढली. मग बायकोसमोर स्टूल ओढून बसला.

"अगं, परवा तू दवाखान्यातलं काहीतरी सांगत होतीस. त्या म्हाताऱ्याचं."

"तुम्ही हं म्हणालात की."

"ऐकलं नाही मी. पुन्हा सांग."

तिने आढेवेढे घेतले. मग पिशवी मांडीवर घेऊन बसली. एक म्हातारा खोकल्याची बाटली परत करायला आला होता. औषध बिनकामाचं म्हणाला. बाटलीचं सील तसंच होतं. विचारलं तर म्हणतो कसा, उशाशी ठेवून तीन रात्री झोपलो, तरी गुण नाही!

शेवटाला येईपर्यंत तिला आवरेना. डोळे मिटले, नाक आक्रसलं, एकच गाल वर चढला, आणि तिने चटकन तळहात तोंडावर धरला.

मूर्तिकाराने वाकून तो हात हलकेच बाजूला केला.

"अहो, काय करताय?" ती म्हणाली, आणि लाजून आणखीच हसली.