पांढऱ्या कपड्यांची पंगत

निवेदिता पाच दिवस जालन्यातल्या एका विमा ऑफिसात काम करायची आणि शनिवारी लोकांना जेवायला घेऊन जायची. तिच्या कॉलेजातल्या ऋषी नावाच्या मित्राने 'मातीची चव' नावाच्या सहली सुरू केल्या होत्या. पुण्या-बंगळुरूची मंडळी जीप भरून यायची. त्यांना गावोगावी नेऊन खाऊ घालायचं आणि खाताना प्रत्येक पदार्थाची गोष्ट सांगायची, हे निवेदिताचं काम.

सुरुवातीला तिला मजा वाटली होती. मग ठेच्याचं आइस्क्रीम आलं, ज्वारीचा पिझ्झा आला, कुल्हडातलं धुरावलेलं ताक आलं. गोष्टी ऋषीच लिहून पाठवायचा. "ही एका आजीची रेसिपी आहे," असं निवेदिता दर शनिवारी सांगायची. ती आजी म्हणजे ऋषी स्वतःच, हे तिला माहीत होतं. लोक "वाव" म्हणायचे, मोबाइल वर करायचे, आणि तोवर ताटातलं गार होऊन जायचं.

त्या मार्चमधल्या शनिवारच्या मंडळींत यशश्री होती. तिचे खाण्याचे व्हिडिओ पुष्कळ लोक बघतात, असं ऋषीने फोनवर पुन्हापुन्हा बजावलं होतं. तिचा नवरा अद्वैत घास तोंडात गेला की डोळे मिटायचा आणि सगळ्यांना गप्प बसावं लागायचं. राजूरला गणपतीचं दर्शन झालं, देवळाबाहेरच्या हॉटेलातली भजी झाली. भज्यांना 'प्रामाणिक कुरकुरीतपणा' आहे, असं अद्वैतने डोळे उघडून जाहीर केलं. निवेदिताने मान हलवली. मान हलवायचाही आता कंटाळा आला होता.

दुपारचं जेवण धावड्याच्या पुढे एका फार्महाउसवर होतं. पण धावडा जवळ आल्यावर जीपच्या बॉनेटमधून वाफ निघायला लागली. चालक भारत खाली उतरला.

"रेडिएटर तापलाय मॅडम. अर्धा-पाऊण तास तर जाईलच. मी पाणी पाहून येतो."

निवेदिता फार्महाउसला फोन लावत रस्त्याकडेच्या लिंबाखाली उभी राहिली. रेंज येत-जात होती. तिचं बोलणं संपलं तेव्हा जीप रिकामी होती. शेजारच्या वस्तीतून गोवऱ्यांचा धूर येत होता आणि त्यात भाजलेल्या बट्ट्यांचा वास होता. यशश्री त्या वासामागे निघाली होती आणि बाकीचे यशश्रीमागे.

निवेदिता वस्तीत पोचली तेव्हा एका घरापुढच्या मांडवात पंगत बसली होती आणि पंगतीच्या टोकाला तिची सगळी माणसं मांडी घालून बसली होती. पुढ्यात पत्रावळी, त्यांवर कुस्करलेल्या बट्ट्या, वरण, वांग्याची भाजी, बुंदी.

"निवेदिता, हे तू आधी का नाही सांगितलंस?" यशश्री ओरडली. "सगळ्यांनी पांढरे कपडे घातलेत! व्हाइट थीम! इतकं सुंदर दिसतंय कॅमेऱ्यात."

निवेदिताने आजूबाजूला पाहिलं. बायकांच्या पांढऱ्या साड्या, पुरुषांचे पांढरे सदरे. ओट्यावर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि त्यांच्या बाजूला एका बाईचा हार घातलेला नवा फोटो.

तेवढ्यात पाण्याचा डबा घेऊन भारत मागून आला आणि जागीच थांबला.

"मॅडम, हे लोक इथं कशे काय बसले? आमच्या पुंजाराम मामाच्या घरचं पुण्यानुमोदन हाये. मामी गेल्ती ना. सकाळी वंदना झाली, आता जेवणं चालू हायेत."

"मला काय माहीत, भारत? मी फोनवर होते."

"घरच्यांना वाटलं असंल, मामीच्या वळखीचे शहरातले लोक आले."

तसंच झालं होतं. परके लोक मांडवात शिरलेले पाहून पुंजारामची मुलगी साक्षी पुढे आली होती आणि काही न विचारता तिने त्यांना बसायला जागा करून दिली होती. आता ती वरणाची बादली घेऊन फिरत होती.

निवेदिता पंगतीकडे वळली, पण तिच्याआधी पुंजारामच तिथे पोचला. साठीचा, उंच, खांदे पडलेला माणूस. आलेल्या प्रत्येकाची विचारपूस करायची म्हणून तो पंगतीतून हिंडत होता.

"काका, हे वरण अप्रतिम आहे," यशश्री म्हणाली आणि मोबाइल त्याच्याकडे वळवला. "यात नेमकं काय घातलंय? यामागची काय गोष्ट आहे?"

पुंजाराम वरणाकडे बघत राहिला. "मला काय म्हाईत बाई? मी आतापर्यंत नुसता जेवत आलो. घरात करणारी होती." मग त्याने चुलाणाकडे हाक मारली. "आचारी, वरणात काय टाकलं वो?"

"भोकरदनहून आणलेला पाकिटाचा मसाला!" आचारी तिकडूनच ओरडला.

अद्वैतने डोळे उघडले.

"आणि काका, आज कसला उत्सव आहे?" यशश्रीने विचारलं.

निवेदिता मधे पडायला गेली, पण उशीर झाला होता.

"उत्सव न्हाई," पुंजाराम म्हणाला. "माझी मंडळी गेली. बेबीनंदा. तिचं पुण्यानुमोदन हाये."

यशश्रीचा मोबाइल हळूहळू खाली आला. अद्वैतच्या हातात तुपात बुडवलेली बट्टी होती. ती तोंडात घालावी की पत्रावळीवर ठेवावी, हे त्याला कळेना. कोणी कोणाकडे बघेना.

"खावा, खावा," पुंजाराम म्हणाला. "ताटात टाकू नका."

मग तो तिथेच त्यांच्यासमोर बसला. कोणी विचारलं नव्हतं, तरी सांगायला लागला. बेबीनंदाला गुडघ्याचा त्रास होता. ती त्याच्यासाठी गरम भाकर टाकायची आणि स्वतः मात्र सकाळची शिळी चहात बुडवून खायची, तिला तीच आवडायची. कापूस वेचताना बांधावर बसली आणि पुन्हा उठलीच नाही. "जो येतो तो मला म्हणतो, धीर धरा. तुम्ही पयले, ज्यांनी वरणाचं विचारलं," तो म्हणाला, आणि त्याला थोडंसं हसू आलं. यशश्री रडत होती. निवेदिताला वाटलं, ते रडू खरं होतं.

परतीच्या वाटेवर भोकरदन गेल्यावर यशश्रीने हळूच विचारलं, "तो मसाला कुठल्या कंपनीचा असेल?"

संध्याकाळी ऋषीचा फोन आला. "सगळे भारावून गेलेत! निवेदिता, ती पंगत आपल्याला दर शनिवारी मिळेल का?"

"ऋषी, ते मयताच्या घरचं जेवण होतं."

"कळलं गं. तोच कार्यक्रम नाही म्हणत मी. तसा फील."

तिने फोन ठेवून दिला.

पुढच्या आठवड्यात यशश्रीचा व्हिडिओ आला. शेवटी बेबीनंदाचा हार घातलेला फोटो होता आणि सुरुवातीला गावाचं नाव. निवेदिताने तिला लगेच फोन केला. "मी खूप आदराने केलाय गं," यशश्री म्हणाली. "लोक किती रडतायत ते कमेंट्समध्ये बघ." व्हिडिओ काढून टाकायला ती तयार होईना. "कुटुंबाला त्रास देऊ नका" एवढी एक ओळ तिने खाली टाकली.

दोन रविवार गेले आणि पुंजारामचा फोन आला. नंबर भारतने दिला होता.

"ताई, आज एक गाडी आल्ती. मागल्या ऐतवारी बी आल्ती. वरण-बट्टी कुठं भेटंल म्हणले."

"मला माफ करा, मामा. मग तुम्ही काय केलं?"

"काय करणार? चहा पाजला. एक पोरगी बिचारी लय येळ बसली. बाकीचे फोटो काढून गेले. राग न्हाई ताई. पण नवीन माणूस आला की मला पयल्यापासून सांगावं लागतं, ती कशी गेली ते. मी आता थकून राह्यलो. नका पाठवू कोणाला."

तिने पुन्हा यशश्रीला फोन लावला आणि पुंजारामचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. रात्रीपर्यंत यशश्रीने व्हिडिओ काढून टाकला. तोवर तो दुसऱ्या दोन-तीन जणांनी उचलला होता आणि त्यांना कुठे गाठायचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मग भारतनेच वस्तीच्या तोंडावरच्या टपरीवाल्याला सांगून ठेवलं, की गाडी आली तर सरळ अजिंठ्याच्या रस्त्याला लावायची.

निवेदिताने ऋषीला कळवलं, की शनिवारसाठी दुसरं कोणी बघ. त्याने कारण विचारलं. "थकले," एवढंच ती म्हणाली. तेवढ्याने त्याचं समाधान झालं नाही, पण तिला आणखी बोलायचं नव्हतं.

त्या शनिवारी ती उन्हं वर येईपर्यंत झोपली. आई दारात येऊन म्हणाली, "जेवायला काय करू गं?"

"काहीही कर," निवेदिता म्हणाली. "फक्त मला सांगू नको काय केलंयस ते."