कळ्यांचे वाडगे

माझ्या सासूबाईंकडे, किनुएबाईंकडे, भाताचे पाच वाडगे आहेत. पांढरेशुभ्र, काठाशी चेरीच्या गुलाबी कळ्या. पाचच, कारण पाहुण्यांची भांडी पाचाच्या संचात असतात. चार म्हणजे अशुभ. वर्षातून काही आठवडेच ते लाकडी पेटीतून बाहेर येतात, झाडावरच्या कळ्या घट्ट मिटलेल्या असतात तेवढ्यापुरते. खरी फुलं उमलली की परत पेटीत. "झाडाशी बरोबरी करायची नाही, लोक हसतात," असं सासूबाई म्हणतात, आणि त्यांच्या घरात कुणाची उशीर करायची टाप नाही, झाडाचीसुद्धा.

मी सायोको, यासुशीची दुसरी बायको. मार्चच्या मध्यावर आठ वर्षांच्या नागिसाला घेऊन मी दायशोजी गावातल्या या घरात आले. सोहळाबिहळा काही नाही, कचेरीत जाऊन सह्या केल्या आणि बॅगा उचलल्या. पहिल्या जेवणाला बसलो. सासूबाईंसमोर त्यांचा निळा वाडगा, यासुशीसमोर त्याचा तपकिरी, शाळेत असल्यापासूनचा. आम्हा मायलेकींसमोर कळ्यांचे वाडगे आणि कागदी पाकिटातल्या, एकदा वापरून टाकून द्यायच्या जेवणाच्या काड्या. भातही सासूबाईच वाढणार. पाहुण्यानं हातानं घ्यायचं नसतं.

पहिल्या दिवशी छान वाटलं, खोटं कशाला बोलू. आठवड्यानं मात्र तेच खुपायला लागलं. आमच्याकडे घरातल्या प्रत्येकाचा वाडगा ठरलेला असतो, काड्या ठरलेल्या असतात, दुसरं कुणी त्यात जेवत नाही. ज्याचा वाडगा नाही, तो आज ना उद्या निघणारच.

"तुझ्या आईला विचार, आमचा मुक्काम किती दिवसांचा आहे ते," मी यासुशीला म्हणाले.

"अगं, घरातली सगळ्यात चांगली भांडी काढलीयत तिनं."

"तेच म्हणतेय मी."

"मग तूच विचार ना," असं म्हणून तो वर्तमानपत्रात शिरला. माझा नवरा प्रेमळ आहे, पण आई आणि बायकोच्या मधे उभं राहायची वेळ आली की त्याला वाचनाची फार आवड.

नागिसा तर इतकी शहाण्यासारखी वागत होती की मला भीती वाटायची. पाणी हवं असलं तरी "मिळेल का?" असं विचारायची. बॅगेतले कपडे काही तिनं कपाटात लावले नव्हते. याआधी वर्षभर आम्ही माझ्या भावाकडे होतो. वहिनी म्हणाली होती, वसंतापर्यंत खुशाल राहा. वसंत लागला तशी तिनं आमची अंथरुणं उन्हात घातली, आणि त्याचा अर्थ आम्हा दोघींनाही कळला.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी सकाळी समोरच्या देवळातलं झाड उमललं. सासूबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि तिथूनच हुकूम सोडला, "फुललं. चला, आवरा."

पेटी आली. पाच कप्पे, पण वाडगे चारच. मोरी पाहिली, फडताळ पाहिलं, तांदळाच्या डब्यामागे हात घालून पाहिला.

"यासुशी, दाढीचा साबण कालवायला तर नाही ना नेलास?"

"आई, पन्नाशीला आलो मी."

"म्हणून तर विचारतेय."

नागिसा खाली मान घालून भांडी पुसत होती. तिचे कान लालबुंद झाले होते. ते कान मी चांगले ओळखते. मी आतल्या खोलीत जाऊन तिचं दप्तर उघडलं. खेळाच्या टोपीत गुंडाळलेला वाडगा निघाला. कंपासपेटीवर आपटून त्याच्या काठाचा टवका उडाला होता, तांदळाच्या दाण्याएवढा.

ती माझ्या मागे येऊन उभी राहिली होती.

"का गं केलंस असं?"

"पाच झाले नाहीत तर पेटी बंद करता येणार नाही."

"बरं, मग?"

"मग पाहुण्यांची भांडी आत जाणार नाहीत. मग आपल्यालाही जावं लागणार नाही."

दारात सासूबाई होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या सावकाश खाली बसल्या.

"जायचं म्हणून कोण म्हणालं तुला?"

"कुणी नाही," नागिसा म्हणाली. "मामीपण काही म्हणाली नव्हती."

माझा संयम तिथं सुटला. "आई, तीन आठवडे आम्ही पाकिटातल्या काड्यांनी जेवतोय. पोरीनं दुसरं काय समजायचं? आणि मी तरी काय समजायचं?"

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं, यासुशीच्या पहिल्या बायकोला मी पहिल्या दिवसापासून रोजची भांडी दिली, आपलीच आहे म्हणून. घर सोडून जाईपर्यंत मला ऐकवत होती, या घरात माझ्यासाठी कधी काही चांगलं काढलं नाही. मला वाटलं, या खेपेला तरी..."

दुधानं तोंड पोळलेली बाई ताक फुंकून पीत होती, आणि मी तीन आठवडे तिच्यावर मनातल्या मनात दातओठ खात होते. मला त्यांची फार दया आली.

सासूबाईंनी वाडगा घेतला, काठावरून अंगठा फिरवला. "टवका उडालेलं भांडं पाहुण्यांपुढे ठेवता येत नाही," त्या म्हणाल्या. "उरले चार, तेही मांडता येत नाहीत. संपला माझा पाहुण्यांचा संच."

"माझं चुकलं," नागिसा पुटपुटली. तिचे डोळे भरून आले होते.

सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. आम्ही दोघी मागोमाग. त्यांनी मोरीजवळचा, सुरीला धार लावायचा दगड काढला, ओला केला आणि तुटका काठ हळूहळू घासला. मग नागिसाचं बोट धरून त्यावरून फिरवलं.

"टोचतंय?"

"नाही."

"ओठाला लागलं नाही म्हणजे झालं. घरच्या भांड्याला एखादा टवका असायचाच. माझ्या निळ्याला पण आहे, हा बघ." त्यांनी तो वाडगा फडताळात आपल्या निळ्या वाडग्याशेजारी ठेवला. "हा तुझा."

"फुलं आली तरी?"

"येऊ देत. उन्हाळ्यात जेव, बर्फात जेव, यातच जेवायचं."

"पण लोक हसतील. तुम्हीच म्हणता ना?"

"हसू देत. सगळ्यात आधी मी हसेन."

त्या दिवशी बांबूच्या कोंबांचा भात होता. मी चुलीकडे तोंड करून उभी राहिले, कारण मला रडू आवरत नव्हतं आणि ते यासुशीला दाखवायचं नव्हतं. वळले तेव्हा सासूबाई समोर होत्या. एका हातात पेटीतला दुसरा वाडगा, दुसऱ्या हातात तो धारेचा दगड.

"सायोको, तुझ्याही वाडग्याचा टवका उडवू, की असाच चालेल?"

"असाच द्या, आई," मी म्हणाले, आणि त्या घरात पहिल्यांदा आपल्या हातानं भात वाढून घेतला.