मिलेंतियेच्या फुफ्फुसात धरलेला हात

मित्रांनो, मी एक जुना रेणू आहे. तुम्ही म्हणाल, रेणू कधी जुना असतो का? शंका रास्त आहे. आमच्यात सकाळी जन्मलेला संध्याकाळपर्यंत म्हातारा होऊन विरघळतो. मी मात्र फॉर्मालिनमध्ये लोणच्यासारखा मुरलो, मेणात बसलो, काचेवर चिकटलो आणि सात चिरंजीवांनंतरचा आठवा झालो.

माझं नाव ई-कॅड्हेरिन. काम एकच, हात धरणे. आपल्या पेशीत पाय रोवायचे आणि शेजारच्या पेशीतून तसाच हात पुढे आला की तो घट्ट पकडायचा. कॅल्शियम मिळालं की आमचा हात ताठ राहतो. तुमची आतडी आणि फुफ्फुसं एकसंध आहेत, त्यात आमचा मोठा वाटा आहे. याबद्दल आजवर कुणी शाल-श्रीफळ दिलेलं नाही.

माझा जन्म दक्षिण सर्बियातल्या मिलेंतिये नावाच्या वादकाच्या उजव्या फुफ्फुसात झाला. तो लग्नांमध्ये हेलिकॉन वाजवायचा. हेलिकॉन म्हणजे अजगरासारखा अंगाला वेढा घालणारा पितळी भोंगा. दोन गाण्यांच्या मध्ये तो सिगारेट ओढायचा. त्या धुरानं आमच्या वस्तीतल्या एका पेशीचं डोकं फिरलं. एकीच्या अनेक झाल्या. हाच तो कर्करोग. पण गाठ अजून एका जागी होती, कारण आम्ही हात धरून होतो. एका जागची गाठ कापून काढता येते. हात सुटला असता, तर पेशी रक्तात शिरून हाडात, मेंदूत बिऱ्हाड थाटायला निघाली असती. मग कात्री कुठे कुठे चालवणार?

मिलेंतियेला खोकला लागला. आमचं आयुष्य अर्ध्या दिवसाचं, पण बातमी हातातून हातात जाते, आणि छातीत बसलं की घरातलं सगळं ऐकू येतं.

"प्रोमाया!" त्याची सासू स्तामेना म्हणाली.

प्रोमाया म्हणजे समोरासमोरच्या उघड्या खिडक्यांतून आरपार जाणारा वारा. आमच्याकडे दातदुखी, कंबरदुखी आणि गणितात नापास होणं हे सगळं त्यानंच होतं.

"आई, सिगारेटचं असेल गं," मिलेंतियेची बायको रोसांदा म्हणाली.

"धूर गरम असतो. गरमानं कुणी आजारी पडलंय? जावया, पाय पुढे कर." आणि म्हातारीनं राकियात भिजवलेले मोजे त्याच्या पायांत चढवले.

"सासूबाई, दारू पायाला?" मिलेंतिये कळवळला. "तोंड इकडे आहे माझं!"

"तोंडाला काय झालंय? खोकायला चालतंय की!"

म्हातारीनं सगळ्या खिडक्या बंद केल्या. फटींना पट्ट्या लावल्या, कुलपाच्या भोकात कापूस कोंबला. मांजराच्या वाटेत उशी ठोसली. मांजर बाहेर राहिलं, खोकला आत.

इकडे गाठीच्या कडेच्या आमच्या पेशीनं आतून हुकूम काढला, नवे हात घडवणं बंद. जुने विरघळत होते, जागेवर हुकूम चुकवून एखाद-दुसराच नवा येत होता. त्यांच्याऐवजी येऊ लागला आमचा चुलतभाऊ एन-कॅड्हेरिन. माणूस वाईट नाही, पण त्याची पकड ढिली आणि पायाला भिंगरी. पेशी लांबोळकी होऊ लागली. तिचं एक टोक शेजारच्या रक्तवाहिनीकडे वळलं. त्या कडेवर आम्ही थोडेच उरलो होतो. पलीकडचा हात ओढत होता, आम्ही धरून होतो, आणि बाहेर खिडक्यांवर आणखी एक पट्टी लागत होती.

मग एका लग्नात मिलेंतियेचा सूर मध्येच तुटला. नवरी-नवरा नाचता नाचता एक पाय उचललेल्या अवस्थेत थांबले. घरी आल्यावर स्तामेनानं मेणबत्ती पेटवली आणि वारा शोधायला निघाली. खिडकीपाशी ज्योत हलली नाही. दाराखालीही नाही. चुलीपाशी नाही. शेवटी ती जावयासमोर उभी राहिली. तो खोकला, आणि ज्योत विझली.

म्हातारीनं विझलेली मेणबत्ती खाली ठेवली.

"घर बंद आहे," ती हळूच म्हणाली. "म्हणजे भगदाड तुझ्यात आहे. ऊठ, कोट घाल."

"कुठे?"

"छातीचा फोटो काढायला. आणि मफलर घे, बाहेर प्रोमाया आहे."

फोटोत गाठ दिसली. तपासण्या झाल्या, शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. तोवरचे दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. माझ्या शेजारचे विरघळले. शस्त्रक्रियेच्या पहाटे जन्मलेला मी त्या टोकाला एकटा उरलो. पकड घसरू लागली तेवढ्यात वरून लख्ख उजेड आला, कात्री आली, आणि पाठोपाठ फॉर्मालिन. मी होतो तसाच गोठलो.

काढलेल्या गाठी तपासणाऱ्या डॉक्टर नेवेनानं काचेवर आम्हाला तपकिरी रंग चढवला आणि शिकाऊ डॉक्टरला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. "बघ, ही पेशीबाई सामान बांधून दारात उभी होती. हा एवढा एक धागा उरलाय."

"आणि लसिकाग्रंथी?"

"स्वच्छ आहेत. पण निसटलेली एखादी पेशी काचेवर दिसत नसते, बाळा. मिलेंतियेला तपासणीच्या दर खेपेला यायला सांग."

तो दर खेपेला आला. सिगारेट सुटली होती. एका वसंतात तो हेलिकॉन घेऊनच रुग्णालयाच्या अंगणात उभा राहिला. नेवेनानं खिडकी उघडली. पहिला सूर आला, काचा थरथरल्या. आणि सूर मध्येच तुटला.

नेवेना खिडकीतून खाली वाकली.

"सासूबाई!" खालून आवाज आला. "मफलर भोंग्याला नाही, गळ्याला बांधतात!"

सूर पुन्हा सुरू झाला. उरलेल्या फुफ्फुसांच्या मानानं तो बराच लांबला.

मित्रांनो, खोकला आठवड्यांमागून आठवडे हटत नसेल, तर खिडकीला दोष देण्याआधी छाती दाखवा. धूर गरम असला तरी आत घेऊ नका. आणि आतमध्ये तुमच्यासाठी कुणीतरी हात धरून उभं आहे, त्याला फार ताटकळत ठेवू नका. सगळ्यांनाच माझ्याइतका वेळ मिळत नाही.

मी अजून काचेवरच आहे. हात धरलेलाच आहे. आता सोड, असं सांगायला कुणी आलेलं नाही.