खुरांचं डांबर

“अगं मेले, सोड तिला! सोड म्हणते ना!”

उमसुनाइनं हातातली दुधाची बादली तिथंच टेकवली आणि ती खुराड्याकडे धावली. आत नुसता धुमाकूळ चालला होता. पांढरी तलंग कोपऱ्यात तोंड खुपसून उभी, आणि तांबडी तिच्या शेपटीच्या बुडातलं एकेक पीस उपटून खुशाल गिळत होती. उघड्या पडलेल्या कातडीवर रक्त दिसायचा अवकाश, बाकीच्याही तिच्यावर तुटून पडल्या. उमसुनाइनं पांढरीला उचलून पोटाशी धरलं, तर मागं काळीच्या पाठीवर चोची सुरू! एका बाईनं आवरायचं तरी कुणाकुणाला?

आणि सटव्यांनी दिवस कुठला निवडावा? आज दुपारी तिलेक यायचा होता!

तिलेक तिचा एकुलता एक मुलगा, बिश्केकला नोकरीला. बाप गेल्यापासून त्यानं आईमागं ‘आपा, आपा’ करत एकच धोशा लावला होता, “आपा, तिथं एकटीनं काय करतेस? माझ्याकडे चल.” त्याचं घर चौथ्या मजल्यावर. तिथं शेजारीण भिंतीपलीकडून खोकते, तेवढाच काय तो शेजार. उमसुनाइ एकदा राहून आली होती, पुरे झालं होतं. म्हणून बर्फ वितळता वितळता तिनं काराकोलच्या बाजारातून डालगंभर पिल्लं आणली आणि फोनवर ठणकावून सांगितलं, “मला इथं कामं आहेत!”

तिलेक हसला होता. “आपण मेंढ्यांची माणसं, आपा. कोंबड्यांतलं तुला काय कळतं? बरं, जूनमध्ये येऊन बघतो. धड वाढल्या असतील तर परत विषय काढणार नाही. नाही तर सामान बांधायचं.”

“बांधीन!” ती तावातावानं म्हणून बसली होती. आता भोगा!

तिनं मूठभर जव फेकले. तलंगांनी ते फस्त केले आणि पुन्हा एकमेकींच्या पाठीला लागल्या. तिनं पायातला जोडा फेकला. तो त्यांनी टोचून पाहिला.

“काय गं, लांडगा शिरला का?” कुंपणावरून झुहरानं विचारलं. झुहरा दुंगान जमातीची, बागाईत करणाऱ्यांतली; पलीकडच्या अंगणात तिच्या मिरच्या, लसूण आणि कोंबड्या. दोघी सुना म्हणून आल्या तेव्हापासून ह्याच कुंपणावरून भांडत आल्या होत्या.

“लांडगा परवडला! ह्या एकमेकींना खातायत! झुहरा, रक्ताळलेल्या तेवढ्या तुझ्याकडे लपव ना. तिलेक गेला की आणीन परत.”

“कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? थांब, आले.”

झुहरानं खुराड्यात डोकं घातलं आणि तसंच बाहेर काढलं. कपाळावर घाम!

“अगं बाई, खुराडं आहे की भट्टी? ही काय कोकरं आहेत तुझी?”

उमसुनाइ ओशाळली. खुराड्याच्या चारी भिंतींना तिनं लोकरीचे जाड नमदे ठोकले होते, फटींत लोकर कोंबली होती आणि वर रात्रंदिवस मोठा दिवा. जन्मभर तिनं कोकरं जगवलेली. लहान जीव म्हटला की नमद्यात गुंडाळायचा, एवढंच तिला ठाऊक.

“थंडी वाजली असती त्यांना.”

“तेव्हा वाजत होती! आता घोड्यासारख्या वाढल्यात. वीतभर जागा, हा उकाडा, डोळ्यांवर दिवा आणि दिवसभर काम ना धंदा. मला कोंडलंस अशी, तर मीसुद्धा तुझी वेणी उपटीन!”

“तू न कोंडताच उपटशील,” उमसुनाइ म्हणाली, आणि दोघी खुदकन हसल्या.

मग काय विचारता! दोघींनी बाह्याच सरसावल्या. नमदे टराटरा उपटले, दिवा विझवला, मेंढ्यांची जुनी लाकडी फाटकं ओढून आणून अर्ध्या अंगणाला कुंपण घातलं. झुहरानं घरून कोबीचा गड्डा आणला आणि दोरीनं टांगला, उडी मारली तरच चोच पोचेल असा. शेजारी लसूणघासाची पेंढी. तांबडीनं मान वाकडी करून गड्ड्याकडे पाहिलं आणि मारली की उडी! गड्डा झुलला, तशा साऱ्याजणी त्याच्यामागं.

“बघ, बघ! लागल्या कामाला!” उमसुनाइनं टाळ्याच पिटल्या. घोड्यांच्या शर्यतीतही ती एवढी ओरडली नसती.

पण पांढरीला खाली सोडली मात्र, तांबडी गड्डा सोडून परत हजर.

“लाल दिसतंय तोवर चोच जाणारच,” झुहरा म्हणाली. “वर काहीतरी काळंकडू फासायला हवं. तुझ्याकडचं ते खुरांचं डांबर आण.”

“नाही माझ्याकडे.”

“काखेत कळसा नि गावाला वळसा! गोठ्यातल्या फळीवर डबा मी पाहिलाय.”

उमसुनाइ गोठ्याकडे पाठ करून उभी राहिली. तिचा नवरा जन्मभर गावच्या तबेल्यात मोतद्दार होता. घोड्यांच्या खुरांना भूर्जाच्या सालीचं डांबर लावायचा आणि तोच वास घेऊन घरी यायचा. शर्टावरचे ते डाग घासता घासता उमसुनाइनं त्याला किती शिव्या घातल्या असतील, गणती नाही. तो गेला तेव्हा त्याचे कपडे मयताला अंघोळ घालणाऱ्यांना दिले, खोगीर दिराला, चाबूक पुतण्याला, हत्यारं ज्यांनी मागितली त्यांना. रिवाजच तो, त्यात वाईट वाटून घ्यायचं नसतं. डांबराचा डबा तेवढा कुणी मागितला नाही. कधी फारच वाटलं तर ती झाकण उघडायची आणि लगेच घट्ट लावायची. वास उडून गेला तर?

“थोडंच उरलंय गं,” ती म्हणाली. “संपेल ते.”

झुहराच्या तोंडून एरवी टोमणा सुटला असता. ती हळूच म्हणाली, “मग राहू दे. राख फासू.”

राख पहिल्याच फडफडीला झडून गेली. पांढरी किंचाळली. उमसुनाइ तरातरा गोठ्यात गेली आणि डबा घेऊन आली.

झुहरानं एकेक तलंग धरायची, उमसुनाइनं बोटानं लेप द्यायचा. पांढरी, काळी, कबरी, एकही जखम सुटली नाही. तांबडीनं मोठ्या तोऱ्यात येऊन पांढरीच्या बुडाला चोच मारली, आणि काय तोंड झालं तिचं! मान झटकली, चोच मातीत घासली, पुन्हा झटकली.

“खा! खा अजून!” दोघी हसून हसून खाली बसल्या. हसता हसता उमसुनाइनं काडीनं डबा खरवडला. तळाचा पत्रा दिसला.

तेवढ्यात गाडी वाजली, तशी झुहरा आपल्या अंगणात सटकली. पांढराशुभ्र शर्ट घातलेला तिलेक फाटकातून बोलतच आत आला, “काय आपा, सामान बांध–”

तो थबकला. दुपारच्या उन्हात सगळं अंगण दरवळत होतं. तलंगा फिरत होत्या तसा वास इथून तिथं फिरत होता. तिलेकनं गोठ्याच्या दाराकडे पाहिलं, कुणी बाहेर येणार असल्यासारखं.

“तलंगांना लावलंय,” उमसुनाइ म्हणाली. “टोचून खात होत्या एकमेकींना. लपवत नाही. चूक माझीच होती. आता तू म्हणशील तसं.”

तिलेक उंबऱ्यावर बसला. पांढरी त्याच्या बुटाची नाडी ओढायला आली, तशी त्यानं तिला उचललं आणि तिच्या पिसांत नाक खुपसलं.

“खुराडं लहान पडतंय, आपा,” शेवटी तो म्हणाला. “अजून वाढतील ह्या. उद्या दुप्पट बांधू. बाबांचा हातोडा कुठंय?”

“दिला रे तो.”

“माझ्याकडे आहे! आणते!” कुंपणापलीकडून झुहरा ओरडली. सगळं कान देऊन ऐकत होती मेली.

पांढरी तिलेकच्या छातीशी अंग चोरून बसली. तिच्या बुडाखाली शर्टावर काळा डाग पसरत चालला. “अरे, शर्ट!” जन्माच्या सवयीनं उमसुनाइच्या अगदी ओठांवर आलं. त्या डागाला साबण चालत नाही, रॉकेल चालत नाही. तो कशानंही निघत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तिनं तोंड मिटलं आणि ती चहा टाकायला आत गेली.