दुसऱ्या भागातले डोंगर

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा चष्मेवाला दुकानात एका आजोबांना समोरच्या पाटीवरची शेवटची ओळ वाचायला लावत होता.

"एकच विचारते," बाई म्हणाल्या. "तुमच्या कादंबरीच्या दुसऱ्या भागात सेनानीची फौज उत्तरेच्या किल्ल्यातून राजधानीला चार दिवसांत पोचते ना? सपाट मैदानातून?"

"हो."

"पहिला भाग जवळ असेल तर नकाशा उघडा."

काउंटरखाली एक प्रत कायम असायची. त्याने उघडली. वर किल्ला, खाली राजधानी आणि दोहोंच्या मध्ये, पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, डोंगर. एकामागे एक, सावल्यांसकट. त्यांना नाव दिलेलं नव्हतं, म्हणूनच बहुधा त्याची नजर तीन वर्षं त्यांच्यावरून घसरत गेली होती.

"अहो, वाचू का पुढे?" आजोबांनी विचारलं.

पहिला भाग लोकांनी डोक्यावर घेतला होता. दुसऱ्याची तीनशे दहा पानं रोज पहाटे उठून, दुकान उघडायच्या आधी लिहून झाली होती, आणि सगळी गोष्ट त्या चार दिवसांवर उभी होती. राणी राजधानीत वेढ्यात अडकते, सेनानी वाऱ्यासारखा येतो, वेढा फोडतो. छपाईला सात आठवडे उरले होते.

नकाशा त्याच्या ताईने काढला होता. ताई त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी, भूमापन कार्यालयात नकाशे काढायची. दुपारी तो तडक तिथे गेला. ती उतरत्या टेबलावर वाकून एका गावाची हद्द रेखत होती.

"हे डोंगर कुठून आले?"

"मी काढले," ताई मान वर न करता म्हणाली.

"मी सांगितले होते?"

"तूच लिहिलंयस, एकोणिसाव्या प्रकरणात. नदी किल्ल्यापासून खाली येते आणि एकदम पश्चिमेला वळते. उगाच का वळेल? तिला काय वेड लागलंय? मध्ये काहीतरी उंच असणारच."

"मग विचारायचंस ना!"

"कच्चा नकाशा आठवडाभर तुझ्याकडे होता. 'मस्त झालाय गं' म्हणालास." आता तिने पेन खाली ठेवलं. "दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावतोस, आणि तुला डोंगर दिसला नाही?"

शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. तो तणतणत बाहेर पडला.

पुढचे दहा दिवस त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका बाईंच्या डोळ्यांमधलं अंतर त्याने तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा वेगळं लिहिलं. नव्या आवृत्तीतून डोंगर काढूनच टाकू, असं त्याने संपादकबाईंना सुचवून पाहिलं.

"लोकांनी तो नकाशा भिंतीवर लावलाय," बाई म्हणाल्या. "एकाने तर पाठीवर गोंदवून घेतलाय. डोंगरांसकट."

"मग डोंगरातून जुना बोगदा?"

"पहिल्या भागात हीच माणसं अख्ख्या देशाला वळसा घालून गेली. तेव्हा बोगदा झोपला होता?"

"मांत्रिकाने डोंगर बाजूला सारला तर?"

"जो डोंगर हलवतो तो वेढा का नाही उठवत?"

त्याने फोन ठेवला आणि घरात येरझारा सुरू केल्या. बायको तांदूळ निवडत बसली होती. "दहा दिवस झाले, पायाला भिंगरी लागल्यासारखा फिरतोयस," ती म्हणाली. "डोंगर ताईंनी घातलेत ना? मग ओलांडायचे कसे तेही त्यांनाच विचार."

रविवारी सकाळी तो ताईकडे गेला. ती खिडकीच्या बिजागऱ्यांना तेल घालत होती. त्याने बसायच्या आधीच विचारलं, "आठ हजार माणसं, दोन हजार घोडे. किती दिवस लागतील?"

ताईला हसू आलं नाही. तिने हात पुसले, कागद घेतला. "खिंड आहे?"

"मला काय माहीत? डोंगर तुझे."

"एक धरू. रुंदी एका घोड्यापुरती." तिने हिशेब मांडला. "वीस दिवस. हवा चांगली असेल तर. आणि निम्मे पोचतील. चढताना नाही, उतरताना माणसं जातात."

"हे तुला कसं माहीत?"

ती जरा वेळ कागदावर रेघा मारत राहिली. "मी आधी टेबलावर काम करत नव्हते. मोजणीच्या तुकडीबरोबर डोंगरात असायचे. आठवतंय?"

"पुसट. मग तुला कंटाळा आला."

"कंटाळा नाही. तसं घरी सांगितलं." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "आम्ही नऊजण होतो. माथ्यावर धुक्यात तीन दिवस अडकलो. उतरताना आमच्या प्रमुखांचा पाय मोडला, मांडीत. त्यांच्यानंतर जबाबदारी माझीच. उचलून नेलं असतं तर सगळेच तिथे राहिलो असतो. मी दोघांना त्यांच्यापाशी ठेवलं आणि बाकीच्यांना घेऊन खाली आले. मदत घेऊन परत पोचायला चार दिवस लागले. ते दोघे जिवंत होते."

"आणि प्रमुख?"

तिने नकारार्थी मान हलवली.

तो तेव्हा चौदा वर्षांचा होता. ताई घरी येऊन दोन दिवस नुसती झोपली होती, आणि आपल्यासाठी काही आणलं नाही म्हणून तो फुरंगटून बसला होता, एवढंच त्याला आठवत होतं.

"हे मी लिहू का, ताई?" त्याने विचारलं.

"लिही. पण वीरमरण वगैरे नको. 'तुम्ही पुढे व्हा' असं ते काही म्हणाले नाहीत. रागावले होते. मी निघाले तेव्हा माझ्याकडे बघितलंही नाही."

त्याने शेवटची दीडशे पानं काढून टाकली. आता खिंडीत सेनानीचा पाय मोडतो आणि त्याला तिथेच सोडून फौज त्याच्या हाताखालच्या बाईला पुढे न्यावी लागते. लिहिताना त्याला एका जागी बसवत नव्हतं. दोन ओळी लिहायच्या, उठायचं, खिडकीपाशी जायचं, परत यायचं. फौज बाविसाव्या दिवशी राजधानीपाशी पोचते, तर बुरुजावर दुसऱ्याच कुणाचं निशाण.

"राजधानी पडली?" संपादकबाई फोनवर जवळजवळ ओरडल्या.

"पडली. वेळेत पोचणं शक्यच नव्हतं. मोजून पाहिलंय."

शेवटी बाईंनी पाच आठवडे वाढवून दिले.

खिंडीचं प्रकरण त्याने आधी ताईला नेऊन दिलं. ती कार्यालयात वाचत होती तोवर तो कपाटांच्या रांगांमधून फेऱ्या मारत होता.

"दोन गोष्टी," ती शेवटी म्हणाली. "उतारावर घोड्याला असं ओढत नाहीत, तो अंगावर येईल." तिने पान उलटलं. "आणि खाली पोचल्यावर ही रडते असं लिहिलंयस. ती रडत नाही. ती जेवते. पोट फुटेस्तोवर जेवते. लाज नंतर वाटते."

त्याने तिथेच, तिच्याच पेन्सिलीने, ती ओळ बदलली.

पुस्तक आलं. सेनानीला मारलं म्हणून लोकांनी शिव्या घातल्या. एक गिऱ्हाईक तर चष्मा न घेताच निघून गेलं. ताईने दोन प्रती मागून घेतल्या आणि प्रमुखांपाशी राहिलेल्या त्या दोघांचे पत्ते जुन्या सहकाऱ्यांकडून शोधून त्यांना पाठवल्या. एकाची प्रत परत आली. दुसऱ्याचा महिन्याभराने फोन आला. चष्मेवाला तेव्हा तिच्याकडेच होता. ताई फोन घेऊन आतल्या खोलीत गेली, दार लावून घेतलं, आणि तासभर तिथून फक्त तिचा "हो", "हो" एवढाच आवाज येत राहिला.